वारा समोरून होता

अक्कानं कादंबरी लिहायला घेतली तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसलो. औराद सोडून ती फार तर उदगीरपर्यंत गेलेली, आणि कादंबरी कशावर, तर दूरच्या जंगलातल्या लढाईवर. त्यात जवान होते, बंडखोर होते, खाणीवर डोळा ठेवून बसलेला एक मंत्री होता आणि जवानांची वाट पलीकडे कळवणारा एक फितूर होता. फितूर कोण, हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, असा तिचा बेत. मी कलबुर्गीला कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे मला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता.

"तुरीच्या शेतापल्याड तू झाडी तरी बघितलीस का?" मी विचारलं.

"तुझे दाजी बघून आलेत की," ती म्हणाली.

दाजी म्हणजे तिचे यजमान. जंगलातल्या चौकीवर जवान म्हणून वर्षानुवर्षं काढून ते निवृत्त होऊन आले, ते गप्पच. तिथं त्यांचा जोडीदार गोळी लागून गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आले त्याच आठवड्यात त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून कोनाड्यात ठेवलं. बसवण्णांना मानणाऱ्या आमच्या घरांत ते लहानपणी अंगावर येतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. दाजींनी तर कधी एक दिवस चुकवला नव्हता. मठातले स्वामी येऊन बसून गेले, दाजींनी त्यांना नमस्कार केला, पण कारण काही सांगितलं नाही. अक्कानं एकदाच विचारलं, "कामून काढलाव?" दाजी उठून अंगणात गेले. मग तिनं बाजारातून वह्या आणल्या.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा तिची पद्धत बघितली. दुपारी जेवणं झाली की ती लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. दाजी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नसत, पण चूक आली की त्यांना राहवत नसे.

"बूट काढून कोण झोपतंय तिथं?"

"कपाळाला भस्म लावून जात न्हाईत. पांढरं लांबून दिसतंय."

अक्का ते सगळं लाल पेनानं समासात उतरवून घ्यायची. वह्या चाळताना मला दिसलं की त्याच चुका पुढच्या प्रकरणात पुन्हा आल्या आहेत. मी मास्तरकी करत पेन उचललं, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. चूक असली की बोलायलेत ते."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी पोरांच्या वहीतल्या चुका खोडत आलो. चूक अशी कामाला लावता येते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण तिनं मी असतानाच वाचलं. नदीकाठी तुकडी थांबलेली. नायक उदबत्ती लावून पूजेला बसतो, जोडीदार पाठीशी पहारा देतो. नदीपलीकडच्या टेकडीवरून गोळ्या येतात, जोडीदार पडतो. आता फितुराचं नाव येणार, तोच दाजींनी डोळे उघडले.

"फितूर कुणीच नव्हता. उदबत्ती मी लावली होती. वासावर आले ते."

त्या उदबत्त्यांचे पुडे अक्काच त्यांना टपालानं धाडायची. ती जागची हलली नाही, रडलीही नाही. तिनं मागची एक वही काढून पान शोधलं.

"नदीकाठी पहाटं वारा मागून येतो, असं मी लिवलं होतं. तुमी म्हणलाव, चूक हाय. तिथं पहाटं वारा कायम नदीकडून तोंडावर येतो. जोडीदार गेला त्या दिशीबी तसाच होता म्हणलाव."

"व्हय."

"आन् ते नदीपल्याडच्या टेकडीवर होते."

"व्हय."

"मग वास त्यांच्याकडं कसा गेला?"

दाजींनी वही ओढून घेतली. समासातली लाल ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"ह्ये मीच सांगितलो होतो?"

"तुमीच. मला काय ठावं तिथला वारा?"

घरात उदबत्ती नव्हती, दाजी आल्यापासूनच बंद झाली होती. दाजींनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. पुडा आणून दिला तशी एक काढून पेटवली, अंगणात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि ती छातीशी धरली. धूर त्यांच्या खांद्यावरून मागं, दारात उभ्या असलेल्या अक्काकडे जात होता. ते मान वळवून वळवून बघत होते. उदबत्ती बोटाशी येईपर्यंत जागचे हलले नाहीत.

मग भर दुपारी त्यांनी अंघोळीला पाणी मागितलं. ओल्या अंगानं कोनाड्यापाशी गेले, लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि मांडी घालून बसले. अक्का त्यांच्या पाठीशी भिंतीला टेकून बसली. त्या बाईपुढं मी आजवर शिकवलेलं सगळं मला फिकं वाटत होतं.

दाजींनी मागं न बघताच तिला सांगितलं, "पुड्यातली एक लाव."