सोप्यातला दिवा

दिवा लागला की आक्का हात जोडायची. देवापुढचाच असं नाही. बाहेरच्या सोप्यातली ट्यूब लागली की हात जोड, गेलेली वीज परत आली की हात जोड. आमच्या ह्यांच्या मोटारसायकलचा उजेड दारात पडला तरी तिचे हात वर, आणि हे बिचारे ओशाळून "राहू दे हो आक्का" म्हणायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमची गल्ली गरीबच म्हणायची.

बेळगावजवळच्या मच्छे गावात आक्काची नि आमची भिंतीला भिंत. उद्यमबागेतल्या ऑफिसातून मी परतले की तिची हाक यायची, "आलीस व्हय गं? च्या टाकू?" नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा बेंगळूरला. घराला कुलूप लाव आणि इकडं ये, हा त्याचा दर फोनला हट्ट. हिचं उत्तर एकच, "आनि दिवा कोण लावनार? तिन्हीसांजंला घर आंधळं ठिवू नये." तो चिडून फोन ठेवायचा आणि मग ते सगळं भांडण ही मला पहिल्यापासून ऐकवायची.

मागच्या थंडीत बेळगावात एका मैदानावर दिव्यांच्या कलाकृती मांडल्या होत्या. मी म्हटलं, चल आक्का. निघताना सोप्यातला दिवा लावून ठेव म्हणाले, तर माझ्यावरच उखडली.

"ऊन असताना दिवा? सूर्याची चेष्टा करतीस व्हय? जरा बघू आनि लगेच माघारी फिरू."

आता लगेच कसलं फिरणार! अंधार पडल्याशिवाय तिथं काही लागायचंच नव्हतं.

आत पहिलंच एक झाड होतं, बारक्या दिव्यांचं. लागलं की आक्काचे हात वर. विझलं की खाली. पुन्हा लागलं, पुन्हा वर. शेवटी वैतागून तिनं झाडालाच दम भरला, "एक काय ते ठरीव की रं बाबा, हात दुखाय लागलं माझं!" मागच्या कॉलेजच्या पोरी खळखळून हसल्या. मग त्यातल्या दोघींनी तिच्यासारखे हात जोडले. आक्का अशी खुलली की विचारू नका. पुढं कागदी मासे, रंगीत छत्र्या, सगळं ती पोरींच्या मधे उभी राहून बघत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग एकदम थांबली. तोंड उतरलं.

"अगं, माझं घर आंधळं ऱ्हायलं की गं."

बसमध्येच तिनं किल्ली काढून मुठीत धरली. गल्लीत आल्यावर मी मोबाईलचा उजेड दाखवते म्हणेपर्यंत ती कुलूप काढून आत घुसलीसुद्धा. उंबऱ्याला पाय अडखळला. मांडीचं हाड मोडलं. तशी पडल्या पडल्या मला म्हणते, "आधी दिवा लाव."

आता मुलाला कोण अडवणार? तो आला आणि घेऊन गेला. जाताना आईच्या समाधानासाठी त्यानं सोप्यात एक बल्ब बसवला, अंधार पडला की आपोआप लागणारा. रोज तिन्हीसांजेला बेंगळूरहून आक्काचा फोन यायचा. "लागला का गं?" मी म्हणायची, "लागला की." "बघून सांग." मग मी चप्पल घालून बाहेर जायची, बघायची, सांगायची. कधीकधी कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

गणपतीच्या आधी फोन बंद झाले. आक्का तिकडंच गेली. चहाला आता कुणी हाक मारत नाही. घरात माणसं आहेत, तरी संध्याकाळी मला लई एकटं वाटतं.

परवा गुंजी गावाहून आक्काची लहानपणीची मैत्रीण आली, रताळ्यांची पिशवी घेऊन. तिला कुणी कळवलंच नव्हतं. आक्काच्या दारावर थापा मारत होती, "उघड गं! उजेड दिसतोय की, झोपलीस व्हय?" मी बाहेर गेले, तिचा हात धरला आणि सांगितलं. ती पायरीवर बसली. मग खिडकीतल्या उजेडाकडं तिनं बोट केलं.

"मग ह्यो दिवा कुणी लावला गं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.