साखळीतली माझी पाळी

बुधवारी दुपारी प्रताप नगरात एका काकूंच्या घरी आमची प्रार्थना सभा असते. शेवटी साखळी प्रार्थना होते. सगळे गोल बसून एकमेकांचे हात धरतात आणि प्रत्येक जण आपल्या पाळीला मोठ्याने प्रार्थना करतो. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याचा हात हलकेच दाबायचा. पाळी पुढे जाते.

मी नेहमी हातच दाबत आले होते. माझ्यानंतर माझी नणंद बसते. तिला हात दाबायची वेळ कधी आली नव्हती.

माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याची आई आमच्यासाठीही प्रार्थना करायची. तिच्याकडूनच मी आणि नणंदेने येशूचं ऐकलं. नवरा गेल्यावर आम्ही सदर भागातल्या चर्चमध्ये जायला लागलो, आणि एकाच रविवारी दोघींचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेब म्हणाले, नवा जन्म झाला, आता वाढायचं.

मी माझ्या पद्धतीने वाढायला लागले. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं, त्यामुळे हातात पेन्सिल घेऊन, बायबलमधली चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. नणंदेचं लूकचं शुभवर्तमान अजून अर्ध्यावरच आहे. पण प्रार्थना तिला येते.

सुरुवातीच्याच एका बुधवारी ती म्हणाली, "प्रभू, आमच्या दादाले तिथं तरी साखरेचा चहा भेटू दे. इथं माझ्याकडंच भेटे बिचाऱ्याले, लपून."

लोक हसले आणि मग रडले. गेलेल्या माणसासाठी मागणं करायची आमच्या मंडळीत रीत नाही. मी ते वाचलं होतं. पण तिला कोणी टोकलं नाही. काकूंनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रीतीचं मला काही पडलेलं नव्हतं. नवऱ्याला मधुमेह निघाला तेव्हा मीही साखर सोडली होती, सोबत म्हणून. आमच्या ओट्यावरून साखरेचा डबाच गेला. मी इकडे कडू चहा पीत होते आणि तो सक्करदऱ्याला बहिणीकडे बसून गोड चहा पीत होता. देवाला हे आधीच ठाऊक असणार. मला त्या दिवशी कळलं, खोलीभर लोकांसमोर.

मग दर बुधवारी तिचा दादा यायचा. तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेणारा दादा, तिच्या लग्नात मंडपामागे जाऊन रडलेला दादा. माझ्यासमोर तो कधी रडला नव्हता. लोक म्हणत, विश्वासात किती वाढली ही. मी घरी येऊन शास्त्रात हेव्याविषयी जे जे आहे ते शोधून वाचायची. पुष्कळ आहे. माझा हेवा तसूभर कमी झाला नाही.

मग एका बुधवारी काकूंनी साखळी उलट्या बाजूने सुरू केली. नणंदेची पाळी माझ्याआधी आली. ती खोकली, नाक पुसलं आणि माझा हात दाबला.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. संपले एकदाचे हिचे शब्द.

माझ्या डावीकडच्या बाईंचा हात माझ्या हातात होता. दाबला असता तर पाळी पुढे गेली असती. पण मग त्या दुपारी त्याच्याबद्दल कोणीच बोललं नसतं. नणंदेचा हात गार पडला होता.

"प्रभू," मी म्हणाले. आवाज मलाच अनोळखी वाटला. "हिला आज बोलवत नाही. हिला धीर दे." पुढचं येईना. "हिने त्याला चहा दिला, त्याबद्दल तुझे आभार."

आमेन म्हणायला विसरले. ते काकूंनी म्हटलं.

नंतर सगळे तिच्याच भोवती. "बघ, वहिनीनं तुझ्यासाठी मागितलं," काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. पहिली प्रार्थना माझी, आणि पाठ तिची.

चहा आला तशी ती माझ्याजवळ सरकली. "काहून वं वहिनी, आभार मानून राहिल्या होत्या का रागावून राहिल्या होत्या?"

"दोन्ही."

"मंग सांगूनच टाकते. दोन चमचे टाके मी. पुरे दोन."

"आणखी काय द्यायचीस?"

तिने कपात पाहिलं. "बालूशाही. कधी कधी."

मी तिच्या हातातला कप घेऊन एक घोट घेतला. "फार गोड आहे."

"त्याले असाच लागे."

ते मला ठाऊक होतं. लग्न झालं तेव्हा त्याचा असा चहा मीच करायची, आणि पहिला घोट तो मला घ्यायला लावायचा. हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या बुधवारी देवाला सांगायचं ठरवलं, मोठ्याने, तिच्यादेखत.