शेंगदाण्यांचा क्लोरीन

मुलुंडमध्ये माझ्याइतकं रसायनशास्त्र कुणालाच येत नाही, असं मला वीस वर्षं वाटत आलंय. आणि अख्ख्या मुलुंडमध्ये ज्याच्यावर मी जळतो असा एकच माणूस आहे, तो ह्याच विषयात बारावीला नापास झालेला. आमचे तळमजल्यावरचे काका. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना दहावीची पोरं जमवायचा नाद लागला. फळा नाही, पुस्तक नाही. बिल्डिंगखालच्या बाकड्यावर कॅरमच्या सोंगट्या मांडतात. पांढरी सोंगटी हायड्रोजन, काळी ऑक्सिजन, राणी म्हणजे कॅल्शियम आणि क्लोरीनसाठी शेंगदाणे. आम्ल आणि आम्लारी एकत्र करायचं, क्षार एकीकडे, पाणी दुसरीकडे काढायचं आणि आधीचं-नंतरचं मोजून बघायचं. एकदा समीकरण काही केल्या जुळेना. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "क्लोरीन कोणी खाल्ल्यान?"

ह्या घोळक्यात माझी मुलगी असते, हे माझं खरं दुखणं. घरात केमिस्ट्रीचा मास्तर असताना ही वही घेऊन तीन जिने उतरते. परवा पाणी जुळेना म्हणून तिनं H₂O चं सरळ H₄O₂ करून टाकलं. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. काका म्हणाले, "गो बाय, ह्या पाणीच नाय रवला. पाण्याक हात लावू नको. पुढे दोन लिही, दोन पाणी घे." ती हसली आणि तिनं लिहिलं. भाजीची पिशवी घेऊन मी जिन्यात उभा होतो. माझ्याकडे शिकताना ती कधी हसली होती, ते मला आठवेना. साफ जळलो मी.

शेवटी रविवारी, ती मैत्रिणीकडे गेलेली बघून, मी खाली गेलोच.

"काका, परीक्षेत संयुजा विचारतात. शेंगदाणे नाही."

"मास्तर, माका येता कितपत? सल्फ्युरिक इला की मी अडाकतंय. मग तुमची पोर म्हणता, थांबा, बाबांना येतं हे. उठता, पयल्या मजल्यापर्यंत जाता नि परत येता. म्हणता, बाबा चिडतील."

मी तसाच मागे वळलो आणि तीन जिने चढून वर आलो.

सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा खाली उतरलो. सल्फ्युरिकचं समीकरण मांडून काका अडून बसले होते. पोरं माझ्याकडे बघून गप्प झाली. मुलगी बाकड्याच्या टोकाला होती. तिनं वर न बघताच शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. माझ्यापुरती जागा झाली.