नकाशाशिवाय मुंगूस

तर काल सांगता सांगता राहिलं ते असं, की आमचे व्याही, म्हणजे धाकट्या लेकीचे सासरे, इस्त्रीवाल्याच्या दुकानात टेबलावर हात आपटून म्हणाले, "नकाशा बघून जो प्राणी धरील, त्यानं माझ्याशी बोलूच नये!"

इस्त्रीवाला म्हणाला, "काका, टेबल गरम आहे."

व्याही कुलूप-किल्लीवाले. कानस घासून हात खरखरीत झालेले, जीभही तशीच. दुकान मुलाकडे दिलं, डॉक्टरनं गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, आणि हे मोबाइलवरच्या एका खेळात अडकले. रस्त्यानं हिंडायचं; योग्य जागेजवळ गेलं की पडद्यावर एखादा चित्रातला प्राणी उगवतो, बोटानं जाळं टाकून तो धरायचा. कुठे उगवेल ते खेळ सांगत नाही. पण कुणा हुशार पोरांनी वेगळाच नकाशा काढलाय. कोणता प्राणी कुठल्या गल्लीत बसलाय, किती वेळ बसेल, सगळं त्यात दिसतं.

विहीणबाई तो नकाशा उघड उघड वापरायच्या. म्हणायच्या, "गल्लोगल्ली भटकायला मी काय रिकामटेकडी आहे?" व्याही तोंड फिरवायचे. त्यांनी नकाशा न बघणाऱ्यांची टोळीच काढली: इस्त्रीवाला, एक निवृत्त नर्सबाई आणि औषधाच्या दुकानातला जाड्या. बाहेरची मदत घेतली की टोळीबाहेर, असा नियम. प्रमुख अर्थातच स्वतः. दुकान सुटल्यापासून त्यांना 'काका, आज कुठे जायचं?' असं विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. टोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आता गंमत बघा. सगळ्यांत दुर्मिळ प्राणी कुणाकडे? व्याह्यांकडेच! "त्याला नाक लागतं," म्हणायचे. मी फारच खनपटीला बसलो तेव्हा माझ्या कानाशी लागून कबूल झाले. नाक कसलं डोंबलाचं! विहीणबाई मंद आचेवर भाजी ठेवून, चपला अडकवून निघाल्या, तर प्राणी कोपऱ्यावरचा, किरकोळ. बूट घातले तर लांबचा. आणि गॅस बंद करून, नाड्या आवळून निघाल्या, तर समजावं, दुनिया ज्याच्यामागे धावतेय तोच! मग हे अंतर राखून पाठोपाठ.

व्याह्यांना फक्त तीन शेपट्यांचं मुंगूस तेवढं मिळत नव्हतं. परवा सकाळी गॅस बंद, नाड्या आवळलेल्या, वर केसही नीट विंचरलेले! व्याह्यांनी लगेच टोळीला फोन केले, "नाक वळवळतंय, निघा!" मीही निघालो. असला तमाशा कोण सोडील? पुढे विहीणबाई, मागे खांबाआडून खांबाआड व्याही, त्यांच्यामागे नर्सबाई, इस्त्रीवाला आणि धापा टाकणारा जाड्या.

बाई एक जिना चढल्या. आम्हीही चढलो. दार ढकलून, मोबाइल परजून सगळे आत घुसलो, तर तो दातांचा दवाखाना! बाकावर विहीणबाई, गालाला हात लावून. पडद्यावर मुंगूस नाही, साधा बेडूकही नाही.

"दाढ काढायला आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांच्याही काढायच्यात का?"

नर्सबाईंनी आधी विहीणबाईंकडे बघितलं, मग व्याह्यांकडे. "अस्सं! म्हणजे हे तुमचं नाक होय? आम्ही उन्हातान्हात तंगड्या तोडायच्या, आणि तुम्ही बायकोच्या मागून जायचं?"

"पण त्या तर नकाशा बघून जातात," जाड्याला आत्ता कुठे उमगलं.

इस्त्रीवाल्याचा आवाज पडला. "काका, नियम तुमचाच. मदत ती मदत. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला टोळीत ठेवायचं कसं?"

व्याह्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून हा माणूस खिडकीशी बसून गुडघे चोळणार. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि बायकोकडे बोट करून म्हणाले, "अरे, नकाशाला विचारलं की तो खरं सांगतो. हिला एकदा विचारून बघा, 'कुठे चाललीस?' म्हणून. लग्न झाल्यापासून मला सरळ उत्तर मिळालेलं नाही. असल्या नकाशावर मी एवढे प्राणी धरले, आणि त्याला तुम्ही मदत म्हणता?"