अकरा प्रकाशकांना दिलेलं निवेदन

पत्रकं मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लिहिते. आमच्या रस्त्यावरची सकाळची बस बंद झाली, पोरी घरी बसायला लागल्या, तेव्हा पहिलं लिहिलं. बस परत यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांचं मी पुस्तक लिहिलं, आणि मग कळलं की बस मिळवणं सोपं होतं. ती कुणाकडे मागायची ते तरी माहीत असतं.

कुणीतरी म्हणालं, पुस्तकाला एजंट लागतो. आमच्याकडे एजंट म्हणजे विम्याचा, नाहीतर प्लॉटचा. तरी मोबाइलवर एक सापडला: नवोदितांना हमखास प्रकाशन. मी विचारलं, "पुस्तक वाचलं का तुम्ही?"

"वाचायचं नंतर बघू मॅडम, आधी पॅकेज ठरवू."

फोन ठेवला. न वाचता हमखास म्हणतो तो छपाईचा दलाल. लिहिणाऱ्या पोरापोरींनो, हे भिंतीवर लिहून ठेवा. मराठीत बहुतेक वेळा लेखकच थेट प्रकाशकाकडे जातो, एवढी साधी गोष्टही मला कुणी सांगितली नव्हती. ज्यांच्या काकांचं पुस्तक निघालेलं असतं त्यांना ती जन्मापासून ठाऊक. बाकीच्यांनी काय अंधारात दगड मारायचे? याचा मला अजून राग आहे.

मग मला जे येत होतं ते मी केलं. नांदुऱ्यात स्टेशनजवळ टायपिंगचं दुकान आहे. आमची सगळी निवेदनं तिथल्या भाऊंनीच टाइप केलेली. त्यांना म्हटलं, अकरा प्रकाशकांना पत्र करायचंय. भाऊंनी जुनी फाइल उघडली. प्रति, विषय, महोदय, खाली मागण्या.

"माहितीसाठी प्रत कोनाकोनाले?"

"अकराही नावं टाका. एकमेकांचा धाक राहिला पाहिजे."

निवेदनाची रीतच ती. वरच्या साहेबाला प्रत, खालच्या साहेबाला प्रत, पोलीस ठाण्याला प्रत. मग कागद दाबायची कुणाची हिंमत होत नाही.

"इशारा टाकू काय ताई?"

"टाका की. इशाऱ्याबिगर कोण वाचते?"

म्हणून शेवटची ओळ अशी गेली: पंधरा दिवसांत निर्णय न कळवल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

पंधरा दिवस कुणी नोंद घेतली नाही. सोळाव्या दिवशी पुण्याहून एका संपादक बाईंचा फोन आला.

"तुम्ही आमच्या दारात उपोषणाला बसणार आहात का? म्हणजे मांडव घालायला सांगते."

"पुस्तक वाचलं तर नाही बसणार."

"पण काय वाचू? पत्रात मागण्या सात आहेत, पुस्तकाबद्दल एक ओळ नाही. खाली आणखी दहा प्रकाशकांची नावं. आमचं एक तरी पुस्तक वाचलंय तुम्ही?"

"साहेबांना निवेदन देताना आम्ही त्यांची पुस्तकं वाचून जात नाही."

बाई बराच वेळ हसल्या. माझं डोकं तापलेलं. मग त्या म्हणाल्या, "बरं, दोन मिनिटांत सांगा. काय आहे त्यात?"

मी सांगितलं. बससाठी आम्ही नऊ जणी रस्ता अडवून बसलो. परीक्षा तोंडावर, म्हणून वह्या उघडून अभ्यासच करत बसलो. भलत्याच गावाची बस येऊन अडकली. ड्रायव्हर काका उतरले. वाटलं, आता शिव्या. त्यांनी माझी वही उचलली, बघितली आणि म्हणाले, "हे गनित चुकलं हाये." मग रस्त्यात मांडी घालून त्यांनी ते सोडवून दाखवलं. मागं प्रवासी बोंबलत होते.

फोनवर कागद-पेन ओढल्याचा आवाज आला. मग, "हे कितव्या पानावर आहे?"

मी बघितलं. एकसष्ट.

"त्याआधी काय आहे?"

"पार्श्वभूमी."

"आत्ता सांगितलंत तसं एका पानात लिहा. फक्त मला. सोबत पहिली तीस पानं. आणि पुस्तक त्या रस्त्यावर सुरू होऊ द्या."

साठ पानं. दोन वर्षांचे अर्ज, तारखा, साहेबांची उत्तरं. दोन दिवस मी चिडून बसले. तिसऱ्या दिवशी वाचनालयातून त्यांची दोन पुस्तकं आणली. दोन्हींत पहिल्याच पानावर काहीतरी घडत होतं. मग कापायला बसले, आणि काय सांगू, पान कापलं की रस्ता जवळ येत होता. जेवायला बोलावलं तरी उठवेना.

महिन्याने एका पानाचं पत्र आणि नवी तीस पानं टाइपला घेऊन पुन्हा भाऊंकडे गेले.

"इशारा?"

"नको."

मी पक्ष बदलल्यासारखं त्यांनी पाहिलं. "मंग वाचतीन काऊन ते?"

"तुम्ही पुस्तकाचं पहिलं पान वाचा."

वाचलं. मग न सांगता दुसरं उचललं. काउंटरवर एक जण झेरॉक्ससाठी कागद आपटत होता. भाऊ मान वर न करता म्हणाले, "थांब बे, ड्रायव्हर उतरून राह्यला."

मला तिथंच उडी मारावीशी वाटली.

परवा बाईंचा मेल आला. मी भाऊंच्या दुकानातच होते, मोठ्यानं वाचला: "पूर्ण पुस्तक पाठवा. छापू की नाही ते सगळं वाचून सांगेन. इशारा नसला तरी वाचते."

"मंग आंदोलन मांगं घेतलं म्हना," भाऊ म्हणाले.

"मागं नाही," मी म्हटलं. "स्थगित."