मी ध्यानाला बसले होते, मग आत्याबाईंना आंघोळ कुणी घातली?

भुताखेतांचे किस्से वाचून पोट धरून हसणाऱ्यांपैकी मी एक. या ग्रुपवरसुद्धा टाइमपास म्हणूनच आले होते. काही जणांच्या पोस्टखाली खवचट कॉमेंट केल्या आहेत, त्यांनी मला माफ करावं... आज माझीच पाळी आहे. आणि एक आधीच सांगते — भीती वाटते म्हणून मी लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहिते आहे, कारण घरात हे कुणाला सांगायची सोय नाही.

आम्ही आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहतो. मिस्टरांचं गावात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, मुलगी हैदराबादला शिकते. म्हणजे दिवसभर घरी मी आणि सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. घर साधंच. पुढे गेट, मग हॉल, त्याला लागून आत्याबाईंची खोली, तिच्या पलीकडे देवाची खोली आणि मागे न्हाणी. गेल्या वर्षी आत्याबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर धरून जरा चालतात, पण वाकता येत नाही, बादली उचलता येत नाही, नऊवारी एकटीने नेसता येत नाही. ते सगळं माझ्याकडे आलं.

मी करत नव्हते असं नाही हो. करायचे, पण आदळआपट करत. तांब्या आपटायचा, 'सरळ उभ्या राहा, मला काय दहा हात आहेत का' म्हणायचं, केस विंचरताना मुद्दाम जरा ओढायचे. शेवटी माझंच बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण डोकं शांत ठेवायला काहीतरी करा. शेजारणीने एका तेलुगू मॅडमच्या ध्यानाच्या ग्रुपमध्ये घातलं. रोज दुपारी चार वाजता मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून सगळ्या बायका एकत्र बसायच्या. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती — नाहीतर बायका ध्यानाच्या नावाखाली भाजी निवडतात, असं मॅडमचं म्हणणं! तेलुगू मला बाजारापुरती येते, पण तेवढी पुरत होती. मॅडमचं एक वाक्य मला फारच आवडलं — 'शब्दम वस्तुंदि, शब्दम पोतुंदि.' आवाज येतो, आवाज जातो. आपण नुसतं बघायचं, त्याच्या मागे जायचं नाही.

आता आमच्याकडे 'ध्यान' म्हणजे काय, तर लक्ष. पोराकडे ध्यान दे, चुलीवरच्या दुधाकडे ध्यान ठेव. मी पहिल्या दिवशी आत्याबाईंना सांगितलं की मी आता ध्यान करणार, हाक मारायची नाही, तर त्यांनी विचारलं, "कोनाकडं ध्यान करून राह्यली वं?"

"स्वतःकडे," मी म्हटलं.

"आन मंग माह्याकडं कोन ध्यान देईन?"

मी हसले. मग दुकानात मिस्टरांना फोन करून सांगितलं, तेही हसले. गंमत म्हणून मॅडमनाही हिंदीत सांगितलं. तेव्हा तो विनोद वाटला होता.

खरं सांगते, मला फायदा झाला. झोप लागायला लागली. आणि त्याचबरोबर एक शिष्टपणाही आला. मी मनातल्या मनात आत्याबाईंना 'डिस्टर्बन्स' म्हणायला लागले. त्या वॉकर आपटत दारापर्यंत येतात म्हणून मी देवाच्या खोलीला आतून कडी लावायला लागले.

ही गोष्ट पावसाळा संपता संपतानाची आहे. त्या दुपारी गेटला आतून कुलूप होतं — आत्याबाई झोपल्या की मी लावते. मी आसनावर बसले, मोबाईल समोर स्टूलवर. थोड्या वेळाने न्हाणीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"सुनंदे..."

मी ऐकली. झोपेत होते, तंद्रीत होते असं काही मी म्हणणार नाही. स्वच्छ ऐकली. आवाज येतो, आवाज जातो, असं मी मनात म्हटलं. पुन्हा हाक आली, या वेळी रडवेली. "सुनंदे, उचल वं मले... पडली मी." आणि मी श्वासाकडे बघत बसले. माझ्या मनात आलं की ही परीक्षा आहे आणि आज मी हरणार नाही.

मग हाका थांबल्या. एकदम. आणि मला इतकं शांत वाटलं की काय सांगू. आयुष्यात तशी शांतता मला मिळालेली नव्हती. अंग हलकं झालं, कपाळावरच्या आठ्यासुद्धा सुटल्या. एक म्हातारी न्हाणीत पडलेली आहे हे ठाऊक असताना मला ते सुख लाभलं. लाज वाटते ती याचीच.

ध्यान संपल्याची घंटा मोबाईलवर वाजली, डोळे उघडले. कडी काढून धावतच बाहेर आले. न्हाणी रिकामी. फरशी धुतलेली, बादली पालथी, मागच्या दोरीवर ओलं लुगडं वाळत घातलेलं. आत्याबाई त्यांच्या खाटेवर बसल्या होत्या. अंगावर धुतलेलं लुगडं, केस विंचरून घट्ट अंबाडा, गुडघ्यांना तेल. चेहरा असा, की एखाद्या लग्नाला निघाल्या आहेत.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोन यीन? तूच ना. येडी झाली का?" त्या हसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "घसरली मी, लुगडं बी खराब झालं. मले वाटलं, आता बोलशीन. पन एक शब्द नाई बोलली तू. कोमट पाण्यानं आंग धुतलं, केसं इचरले, अलगद... माह्या मायनं बी कदी तसे इचरले नाई वं."

गेट बघितलं. कुलूप तसंच, किल्ली माझ्या कमरेला, आत यायला दुसरी वाट नाही. लुगड्याची गाठ बघितली. मी डावखुरी आहे, माझी गाठ उलटी बसते. मिस्टर यावरून मला चिडवतात. ती गाठ उलटीच होती.

मी स्वतःची समजूत घातली की मीच उठून गेले असणार. ध्यानात, नकळत. झोपेत चालतात तसं. काय हरकत आहे? उलट बरंच वाटलं, म्हणजे आपण इतक्याही वाईट नाही. पण संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. त्या बासरकडच्या एका खेड्यातल्या, कापसाची शेती असलेल्या. आमच्या ग्रुपमध्ये मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच.

"ताई, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "तुमचा माईक चालूच होता आज. कोनीतरी बाई पडली म्हून हाका मारून राह्यली होती ना वो? बाकीच्याइले समजलं नाई, मले समजलं. कशा हायेत त्या?"

मी विचारलं, "मी... मी उठले होते का?"

"नाई ना वो! मी त तुमच्याकडंच पाहून राह्यली होती, माहं कायचं ध्यान लागते मंग? घंटा होईलोक हालल्या बी नाई तुमी. म्हून त इचारते, उचललं कोनं त्याइले?"

"कामवाली होती," मी म्हटलं. आमच्याकडे कामवाली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. घरात कुणीतरी ओरडत होतं, तरी या अम्मांची पापणी हलली नाही, साधना अशी पाहिजे! 'चाला बागुंदि अम्मा,' म्हणजे फार छान. सगळ्या बायकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. शोभाताईंनी काहीच टाकलं नाही. मी ग्रुप सोडला.

मिस्टरांना अर्धवटच सांगितलं. ते म्हणाले, आईने स्वतःच केलं असेल, वयामुळे तिला तसं वाटतंय. असेल. पण बादली कुणी उचलली? गाठ कुणी मारली? डॉक्टरांना आडून विचारलं, तर ते म्हणाले की माणूस नकळत उठून कामं करू शकतो. पण मग मोबाईलसमोर कोण बसलं होतं? यातल्या एकाही गोष्टीचा मेळ लागत नाही, आणि मी आता लावायलाही जात नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी खुशाल सांगावं, मी खवचट उत्तर देणार नाही.

ध्यान बंद केलं आहे. आता हाक आली की पहिल्या हाकेला जाते. आवाज चढवत नाही. पाणी हाताला लावून बघते, मग ओतते. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगतात — सून सुधारली म्हणून — आणि मी खाली मान घालून चहा टाकायला आत पळते.

परवा आंघोळ घालत होते. जितक्या हळू करता येईल तितक्या हळू केस धुतले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आताशा काऊन बसत नाईस वं ध्यानाले?"

"नको वाटतं," मी म्हटलं.

"बसत जा," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "तू तिकडं बसली का मंग ती येते. तिचा हात लय मऊ हाय."

मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिले.