बाटलेली पोपटी

अलिबागच्या रस्त्याला हल्ली जागोजागी एक पाटी दिसते : 'चुलीवरचे जेवण'. शब्दांखाली एक बाई रंगवलेली असते. नाकात नथ, डोक्यावर पदर, समोर चूल आणि तोंडभर हसू. ती पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. चुलीपुढची बाई हसत नाही. ती डोळे मिटून, गाल फुगवून फुंकणीत फुंकत असते आणि मध्येच थांबून खोकते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने पाट्या रंगवू नयेत. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने... पण थांबा. रागाच्या भरात मी स्वतःला वगळून बोलायला लागलो. या बाबतीतल्या मूर्खांची रांग लावली, तर मी त्या पाटी रंगवणाऱ्याच्या बराच पुढे उभा असेन.

साठ साल उलटून गेलं होतं. मी मुंबईत कारकून होतो आणि एका खोलीत एकटा राहत होतो. आमच्या हेडक्लार्कने घरी गॅस घेतला, म्हणून मीही गॅससाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. मला येत होता फक्त चहा, आणि तोही लोक दुसऱ्यांदा मागत नसत. तरी नाव नोंदवलं, कारण हेडक्लार्कने नोंदवलं होतं. नंबर लागला, टाकी आली, शेगडी आली आणि पाठोपाठ खोलीमालक आला. "हा बॉम्ब माझ्या इमारतीत नको," म्हणाला. "एक तर तो राहील, नाही तर तू."

त्या क्षणी मला आईची आठवण झाली. मातृप्रेमाचा उमाळा खोलीमालकाच्या लाथेनेही येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आठवण खोटी मात्र नव्हती. आमचं घर रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. तिथे आईचे डोळे बारा महिने लाल असत. सकाळी पापण्या चिकटलेल्या, संध्याकाळी पाणी गळतंय. त्याच वर्षी मी तिला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी बुबुळांत उजेड टाकून पाहिलं आणि तिला नव्हे, मला सांगितलं, "औषध देतो, पण धूर थांबला नाही तर औषधाचा उपयोग नाही. एका डोळ्याने आत्ताच कमी दिसतंय." घरी येऊन मी हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "धूर कसा थांबंल? चूल पेटनारच." विषय तिथे संपला. चूल पेटलीच.

आमच्याकडे बर्फाच्या लाद्या घेऊन एक ट्रक यायचा आणि मासळी भरून मुंबईला परत जायचा. त्याच्या ड्रायव्हरला गळ घालून मी टाकी बर्फाच्या भुशात पुरून गावी आणली. उतरवली तेव्हा ती गारठलेली होती आणि तिला सुरमईचा वास येत होता.

वडील ओटीवरून उठून आले. टाकीभोवती एक फेरी मारली.

"ह्याला काय म्हनतात रं?"

"गॅस. मुंबईत बाटला म्हणतात."

"बाटला?" वडिलांनी भुवया चढवल्या. "कोनी बाटवला?"

शेजारच्या घरातून माझा काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, तोवर येऊन पोचला होता. तो हसून हसून कुडाला टेकला. गावात तासाभरात झालं : ह्याच्या घरी बाटला आला.

मी शेगडी स्वयंपाकघरात मांडली, रबरी नळी जोडली, काडी लावली. निळी ज्योत उठली. आई दोन पावलं मागे सरली, मग पुढे आली, वाकली आणि नाक पुढे करून तिने वास घेतला. "धूर खैं हाय?" तिने विचारलं. धूर नसतोच म्हटल्यावर तिने चहाचं भांडं वर ठेवलं. चहा झाला. तिने पदराने डोळे पुसले, सवयीने. पुसायला काही नव्हतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाण्या माणसाच्या हातात असती तर संपलीही असती.

वडिलांनी तो चहा एक घोट घेऊन खाली ठेवला. "भुताचा इस्तू हा. निळा इस्तू भुताचाच असतो. ह्यावर शिजल्याला काय चव?"

"चहाला कसली चव हवी?" मी म्हणालो.

"चव कशी नको? जाळाची चव असते. कोलशाची चव असते." वडील आता रंगात आले. पोपटी हा त्यांचा अभिमानाचा विषय. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी नि बटाटे, पुन्हा पाल्याने तोंड गच्च बुजवायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवतीने आग लावायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. बाकीचे लोक पेंढा, पालापाचोळा जाळतात. वडील मात्र ऐनाच्या लाकडाचे कोळसे वर्षभर गोणीत जपून ठेवत आणि ते मडक्याभोवती रचत. त्यांच्या पोपटीला गावातली निम्मी पुरुषमंडळी येत. "पेंढा भडकतो नि मरतो," ते म्हणत. "आच धरायची ती कोलशानं."

ते मला म्हणाले, "तुझ्या बाटल्यावर पोपटी व्हते काय?"

आता इथे एकच उत्तर होतं : 'नाही होत. पोपटीचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हा आईच्या भाकरीसाठी आणलाय.' पण मी मुंबईहून आलो होतो. हेडक्लार्कच्या बरोबरीचा माणूस होतो.

"का नाही होणार?" मी म्हणालो. "उद्या लावून दाखवतो."

"झाली तर बाटला र्‍हाईल. न्हाय झाली तर परवाच्या ट्रकनं परत."

"कबूल."

आत भाकऱ्या थापण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मला वाटलं, आई कौतुकाने ऐकते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मागीलदारी मंडळी जमली. एका अंगाला वडिलांनी आपलं मडकं पालथं घातलं आणि कोळसे रचायला घेतले. दुसऱ्या अंगाला मी, टाकी, शेगडी आणि माझी अक्कल. मी विचार केला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला : पोपटी पालथी घालतात, कारण आग वरून आणि भोवतीने असते. गॅसची आग खालून. तेव्हा मडकं सरळ ठेवायचं.

"अरं, ही पोपटी उभी कशी?" काकाने विचारलं.

"असू दे," वडील म्हणाले. "मुंबयची हाय. थितं बसायला जागा न्हाय, उभीच र्‍हाते."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं शेवटी मीच हसणार आहे. खाडीवरून वारा होता. ज्योत एका बाजूला झुकायची, म्हणून मी पत्र्याचा तुकडा आडवा धरून उकिडवा बसलो. एका हाताने पत्रा, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली. वडिलांनी कोळसे पेटवले आणि घडीच्या खुर्चीत बसून विडी ओढू लागले. त्यांची पोपटी आपली आपण शिजत होती. माझी मला शिजवत होती.

थोड्या वेळाने माझ्या मडक्यातून वास येऊ लागला. "लागला वास!" मी ओरडलो.

"जलल्याचा हाय," काका म्हणाला.

बुडाचा पाला जळून राख झाला होता आणि वरच्या शेंगांना अजून आपण शेतात आहोत असंच वाटत असावं. मी ज्योत मोठी केली. मोठी ज्योत मडक्याच्या बुडावर एकाच जागी लागत राहिली आणि टण्णदिशी आवाज आला. मडकं उभं चिरलं. शेंगा, बटाटे, कच्ची अंडी, सगळं शेगडीवर आलं. एक अंडं फुटून थेट बर्नरवर ओघळलं. ज्योत विझली, गॅस मात्र सुरूच. फुस्स असा आवाज आणि तो घाणेरडा वास. कोळसे तिथेच धगधगत होते. काका कुडाच्या कुंपणावरून उडी मारून आपल्या वाडीत गेला. वडील खुर्चीसकट मागे सरकले. मी टाकीच्या चावीवर झेपावलो आणि ती फिरवली. आवाज वाढला.

"दुसरीकडं फिरव, मेल्या!" आई दारातून किंचाळली. "दुसरीकडं!"

दुसरीकडे फिरवली. आवाज थांबला.

मग जे हसू झालं ते मी आजही ऐकू शकतो. वडील हसले नाहीत. ते उठले, शेगडीवरच्या चिकट राड्याकडे बघत म्हणाले, "आधीच बाटला. त्यात माजी पोपटी बाटवलीस." आणि आपल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं. चर्र झालं म्हणजे पोपटी झाली.

ती पोपटी अप्रतिम होती. हे मला सांगावं लागतं याचाच मला संताप येतो. शेंगांना पाल्याचा वास लागलेला, मीठ आत मुरलेलं, बटाट्याची साल कुरकुरीत. मी रागाने खाल्ली आणि भरपूर खाल्ली. मंडळी बोटं चाटत कोळशाचे गोडवे गात होती. धुराशिवाय चव नाही. आगीशिवाय मजा नाही. बायकांना काय कळतं, खरं रांधणं पुरुषाचंच. एका वर्षात एक संध्याकाळ विस्तवापाशी बसणारे हे लोक, आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, त्यांच्याच भाकऱ्यांसाठी चूल पेटलेली. आई खोकत होती. दर वाक्याला एक ढास. कोणी मान वळवली नाही. मीही नाही. माझ्या तोंडात बटाटा होता.

मंडळी गेल्यावर मी आत गेलो. आईचे डोळे इंगळासारखे झाले होते. मी म्हणालो, "आई, वारा नसता तर..."

तिने उलथणं चुलीच्या कडेवर आपटलं.

"मी पोपटी मागितलीवती तुज्याकडं?"

"नाही, पण बाबा म्हणाले..."

"बाबा म्हनाले! वर्साची एक पोपटी त्यांची. रोजची चूल माजी. माजा गॅस, नि तू तो त्यांच्या पैजेवर लावलास? मला इचारलंस? पत्ते खेलायला बसला नि आयेचं लुगडं डावावर लावलं!"

ती मला कधी असं बोलली नव्हती. वडिलांनाही नव्हती, त्याचाच तो साठलेला राग असावा. पण तो माझ्या वाट्याला आला आणि योग्यच आला.

सकाळी ट्रकचा हॉर्न सडकेवरून ऐकू आला. वडील गोणपाट आणि सुंभ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "काढ रं तो."

मी आत पाहिलं. शेगडी घासून लख्ख केलेली होती. खाली निळी ज्योत, वर दुधाचं पातेलं. आई पाटावर, आमच्याकडे पाठ करून.

"दूध उतरव गो," वडील म्हणाले. "ट्रक थांबायचा न्हाय."

"अर्धं तापल्यालं दूध उतरवलं की गाय आटते," आई न वळता म्हणाली. "तुमच्या आयेनंच सांगितलंय मला."

माझ्या आजीने असं काही सांगितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. वडिलांनीही ऐकलं नसावं. पण आपल्या मेलेल्या आईला खोटं पाडायचं कसं? ते दाराशी थांबले. दूध सावकाश वर आलं. आईने ते उतरवलं आणि हात मागेही न घेता जागेवर आधणाचं भांडं ठेवलं.

"आता ह्ये काय?"

"भाताचं आधन. आधन रिकामं उतरवतात ते मयताच्या घरात." ती आता वळली. लाल डोळ्यांनी सरळ नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "उतरवू?"

सडकेवर पुन्हा हॉर्न वाजला. मग गिअर टाकल्याचा आवाज.

"संपल्यावर काय करशील?" वडिलांचा आवाज चढला, पण पाया गेलेल्या भिंतीसारखा. "बाटला काय शेतात पिकतो?"

मी पुढे झालो. आता तरी बाजू घ्यावी, म्हणून छाती भरून म्हणालो, "बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी दर..."

"तू गप बस," आई म्हणाली. "तू त्वांड उघडलंस की मडकं फुटतं."

आणि तिने आधणात तांदूळ वैरले. वडिलांच्या हातातलं गोणपाट मी काढून घेतलं, घडी केली, आणि ते कुठे ठेवायचं हे तिला विचारण्याचीही माझी छाती झाली नाही.